पॉइन्सेटिया लावताना आणि जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात नर्सऱ्यांच्या दारात लालभडक कुंड्यांच्या रांगा लागतात आणि मार्च उजाडेपर्यंत त्यातल्या बऱ्याच कुंड्या कचऱ्यात जातात. पानं गळली, काड्या राहिल्या, म्हणजे झाड मेलं असं समजून लोक ते फेकून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. पॉइन्सेटिया हे पानगळीचं झुडूप आहे, नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं रंगतं. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: उन्हाळ्यात विश्रांती आणि ऑक्टोबरात काळोख. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच दोन गोष्टींवर येतात.

हे झाड मूळचं कुठलं?

मेक्सिकोचं. तिथल्या पॅसिफिक बाजूच्या डोंगरउतारांवर, खाली ग्वाटेमालापर्यंत, कोरड्या पानगळीच्या जंगलांत ते रानटी वाढतं आणि चार मीटरपर्यंत उंच होतं. शास्त्रीय नाव युफोर्बिया पल्चेरिमा, कूळ एरंडाचं. म्हणूनच कुठेही खरचटलं की पांढरा चीक येतो. पावसाळ्यात वाढायचं, पाऊस ओसरून रात्री मोठ्या झाल्या की रंगायचं आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून स्वस्थ बसायचं, हा त्याचा मूळचा शिरस्ता. तो आपल्या दख्खनच्या पठाराला असा चपखल बसतो की जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला उभी असलेली ही उंच झुडपं कुणाला परकी वाटतच नाहीत. जुन्या माळ्यांच्या तोंडी त्याचं नाव पानचेटी.

अझ्टेक लोक याच्या लाल पानांपासून रंग काढत आणि चीक तापावर वापरत. अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजदूत जोएल पॉइन्सेट १८२५ मध्ये तिकडे गेले आणि त्यांनी ही रोपं दक्षिण कॅरोलिनाला पाठवली. १८२९ मध्ये फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात ती लोकांपुढे आली. पॉइन्सेट १२ डिसेंबर १८५१ रोजी वारले. अमेरिकेत तो दिवस पॉइन्सेटिया दिन म्हणून पाळतात.

लाल दिसतं ते फूल की पान?

पान. शंका असेल तर एखादी रंगलेली फांदी हातात धरून खालून वर बघत जा. तळाची पानं गडद हिरवी, त्यांच्या वरचं एखादं पान अर्धं हिरवं आणि देठाकडे लाल, त्याच्या वर पूर्ण लाल. देठ तोच, शिरा त्याच, फक्त हिरवं द्रव्य जाऊन लाल रंगद्रव्य आलेलं. खरी फुलं मध्यभागी असतात: हिरवट-पिवळ्या, वाटाण्याहून लहान गाठींचा झुबका. प्रत्येक गाठीच्या एका अंगाला पिवळी मधग्रंथी असते. सकाळी तिच्यात चकाकणारा थेंब दिसतो आणि मुंग्या तिथे हमखास असतात. मुंग्या दिसल्या म्हणून लगेच औषध मारू नका, त्या मधासाठी आलेल्या असतात. मात्र त्या पानांच्या बेचक्यांत आणि खोडावर घोटाळत असतील तर पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कापसासारखी पांढरी कीड, शोधा.

कुंडी विकत घेताना याच गाठी बघाव्यात. त्या घट्ट मिटलेल्या असतील तर रंग अजून बरेच आठवडे टिकेल. परागकण झडू लागले असतील किंवा गाठी गळून मधला भाग मोकळा झाला असेल, तर बहर उतरणीला लागलाय. विक्रेता कितीही सांगो, असं रोप घेऊ नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळी पानं गळली. झाड मेलं का?

बहुतेक वेळा नाही. खोडाच्या सालीवर नखाने अगदी हलका ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं आणि चीक आला तर झाड जिवंत आहे, झोपलेलं आहे. खोड सुरकुतलेलं, तपकिरी आणि दाबल्यावर मऊ लागलं तर ती फांदी गेली. तरी खालपर्यंत ओरखडे काढून बघा. बुंध्याशी हिरवं असेल तर तिथून नवे धुमारे येतात.

लोक इथे काय करतात? पानं गळताना पाहून घाबरतात आणि पाणी वाढवतात, वर खतही घालतात. पानंच नसलेलं झाड पाणी पिणार कशाने? माती ओलीगच्च राहते, मुळं कुजतात आणि जे झाड नुसतं झोपलं होतं ते खरोखर मरतं. या दिवसांत पाणी निम्म्याहून कमी करायचं, खत पूर्ण बंद. कुंडी दुपारचं ऊन टळेल अशा जागी सरकवायची. माती अगदी दगडासारखी होऊ नये इतकंच पाणी, आठवड्यातून एकदा फार तर दोनदा.

डिसेंबर-जानेवारीत ऐन रंगात असताना अचानक पानं पिवळी पडून गळू लागली तर मात्र काहीतरी बिघडलंय. कुंडीवरचा चमकदार कागद आधी काढा. त्यात पाणी साठतं आणि मुळं त्यात बुडून राहतात. मग जागा बघा: एसीचा थेट झोत, पंख्याचा वारा, घरातला अंधारा कोपरा, यांपैकी काहीतरी असणार.

छाटणी कधी आणि किती?

एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत. हात राखून छाटू नका. जमिनीतलं झुडूप गुडघ्याच्या उंचीवर आणा, कुंडीतलं वीतभर ठेवा. प्रत्येक फांदीवर चार-पाच डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राहिल्या की पुरे. कापायचं डोळ्याच्या किंचित वर. चीक ठिबकत राहील, त्यावर गार पाणी शिंपडलं की थांबतो. हातमोजे घाला आणि त्या हातांनी डोळे चोळू नका.

पहिला पाऊस पडला की प्रत्येक डोळ्यातून कोंब फुटतात. ते चार-पाच पानांचे झाले की शेंडे खुडायचे. प्रत्येक खुडणीनंतर दोन-तीन फुटवे येतात आणि जितके फुटवे तितके डिसेंबरात लाल झुबके. जून, जुलै, ऑगस्टमध्ये हे करत राहावं. गणपतीच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हात आवरायचा. त्यानंतर शेंडा खुडला तर तुम्ही त्या फांदीचा रंगच कापला असं समजा.

दिवाळी झाली, नाताळ आला, झाड छान वाढलंय, पण हिरवंच. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुधा झाडात नसतं, तुमच्या बाल्कनीच्या दिव्यात असतं.

पॉइन्सेटिया रात्र मोजतं. रोज साधारण पावणेबारा तासांहून मोठी सलग काळोखी रात्र मिळू लागली की ते कळ्या धरतं आणि वरची पानं रंगू लागतात. आपल्याकडे सप्टेंबर सरता सरता रात्री तेवढ्या मोठ्या होतात, म्हणून मोकळ्या जागेतलं झाड कुणी काही न करता आपसूक रंगतं. पण ‘सलग’ आणि ‘काळोखी’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. रस्त्यावरचा दिवा, सोसायटीच्या पार्किंगमधली ट्यूब, दिवाणखान्यातून अकरा वाजेपर्यंत बाहेर पडणारा उजेड, यातलं काहीही रोज झाडावर पडत असेल तर त्याच्या हिशेबी रात्र लहानच राहते. त्यात नेमक्या याच काळात दिवाळी येते. आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा रात्र रात्र चालू असतात आणि कुंडी बरोब्बर त्यांच्या खाली.

रस्त्याच्या दिव्याजवळचं एखादं मोठं झुडूप जानेवारीत मुद्दाम बघा. दिव्याकडची बाजू हिरवी, पलीकडची लाल. एकच मूळ, एकच माती, एकच पाणी, फरक फक्त उजेडाचा. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की वेगळं काही समजवावं लागत नाही.

उपाय सोपा आहे, चिकाटी मात्र लागते. कुंडी असेल तर रात्री उजेड पोचणार नाही अशा जागी हलवा. ते जमत नसेल तर १ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहाला तिच्यावर मोठं पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि सकाळी आठला काढा. फटींतून उजेड शिरत नाही ना, ते बघा. दिवसा मात्र तिला भरपूर ऊन हवं, किमान पाच-सहा तास. दिवसरात्र अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर रंग येत नाही, झाड खंगतं. असे आठ ते दहा आठवडे सांभाळायचं. वरची पानं स्पष्ट लाल झाली की खोकं सोडलं तरी चालतं. मध्ये एखादा दिवस विसरलात तर आभाळ कोसळत नाही, पण वारंवार खाडा झाला तर रंग लांबतो.

खुडणी उशिरापर्यंत चालू ठेवणं हे दुसरं कारण. रात्रीचा उकाडा हे तिसरं. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मुंबई, कोकण, गोव्यात पुण्या-नाशिकसारखा रंग येत नाही. खरं आहे का?

थोडंफार खरं आहे. रात्री उबदार असतील तर कळ्या धरणं लांबतं आणि रंगही फिका येतो. ऑक्टोबरात किनारपट्टीवर रात्रीसुद्धा उकडत असतं, त्यामुळे तिकडे झाड पुण्यापेक्षा उशिरा रंगतं. पण रंगतं, काळोख मिळाला तर नक्की. वसई आणि गोव्याकडच्या घरांत नाताळला लाल झाड हवंच असतं. तिथल्यांनी रात्री वारा खेळेल अशी मोकळी जागा निवडावी, भिंतीला टेकून ठेवू नये, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत बसते.

उलट टोकाला निफाडसारखी ठिकाणं. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की रंगलेली पानं काळवंडतात. दहा अंशांखाली थंडी जाणार असेल तर कुंडी रात्री घरात किंवा पडवीत घ्यावी.

माती कशी हवी?

पाणी झटकन खाली जाईल अशी. नुसती काळी माती कुंडीत कधीही भरू नका. पावसाळ्यात ती चिखल होते, उन्हाळ्यात फुटते आणि दोन्ही वेळा मुळं मरतात. लाल किंवा पोयट्याची माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट आणि जाड वाळू मिळून एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. किंचित आम्लधर्मी माती त्याला मानवते, त्यामुळे कोकणातल्या जांभ्याच्या मातीत सेंद्रिय खत घालून ते चांगलं येतं. डिसेंबरात आणलेलं रोप लगेच मोठ्या कुंडीत हलवू नका. रंग उतरू द्या, छाटणी होऊ द्या, मग मे-जूनमध्ये हलवा.

पाणी किती द्यायचं?

बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर द्या, भरपूर द्या, खालून वाहेपर्यंत द्या, आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका. ओलं लागलं तर देऊ नका. रोज सकाळी कपभर पाणी घालायची सवय या झाडाला घातक आहे.

खत?

जून ते नोव्हेंबर हे झाड खादाड असतं. दर पंधरा दिवसांनी पातळ शेणपाणी किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक-दीड ग्रॅम. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय. लिटरला दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट एकदा-दोनदा फवारा. पूर्ण रंग आला की खत थांबवा.

काडी लावून रोप होतं का?

होतं, आणि नवशिक्यांनी यानेच सुरुवात करावी. मे महिन्यात छाटलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या निवडा. वीतभर लांबी, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. कापल्यावर टोक पाण्यात बुडवून चीक निथळू द्या आणि काड्या सावलीत एखादा दिवस सुकू द्या. ओल्या चिकासकट मातीत खोचलेली काडी बऱ्याचदा टोकाकडून कुजते. मग वाळू आणि कोकोपीटमध्ये दोन डोळे आत जातील अशा लावा, सावलीत ठेवा, ओलावा टिकवा, पाणी तुंबू देऊ नका. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. नवी पानं आली म्हणून लगेच उपटून बघायचा मोह आवरा. काडी स्वतःच्या साठ्यावरही पानं काढते, मुळं त्यानंतर येतात.

जुलैत खुडलेले कोवळे शेंडेही लागतात, पण त्यांना दमट हवा जपावी लागते. जाड काडी जास्त भरवशाची.

नर्सरीतून आणलं तेव्हा फूटभर, गोल, भरगच्च होतं. दुसऱ्या वर्षी लांबोडकं झालं. फसवणूक झाली का?

फसवणूक नाही, पण ही माहिती विकणाऱ्याने द्यायला हवी. पॉलीहाऊसमध्ये रोप बुटकं राहावं म्हणून वाढ रोखणारी संजीवकं देतात. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं सायकोसिल त्यातलंच. त्याचा अंमल उतरला की झाड आपल्या मूळ स्वभावाने उंच जातं. तुमच्याकडे औषध नाही, कात्री आहे. वेळेवर छाटणी आणि खुडणी केली तर आकार राखता येतो.

भरगच्चपणामागे आणखी एक नवलाची गोष्ट आहे. कुंडीतल्या आधुनिक जातींना बुंध्यापासून जे पुष्कळ फुटवे येतात, ते त्यांच्या रसात राहणाऱ्या फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे. कॅलिफोर्नियातल्या एके कुटुंबाने कलमाच्या युक्तीने अशी रोपं तयार करून कित्येक दशकं बाजार हातात ठेवला. कारण नेमकं काय, ते १९९७ मध्ये संशोधकांनी सिद्ध केलं. वांग्यावर पर्णगुच्छ हा रोग आणणारे जीव याच गटातले. शेतकऱ्याचं वांगं ज्यामुळे वाया जातं, तसल्याच जीवामुळे पॉइन्सेटियाला शोभा येते, हे मला फार विलक्षण वाटतं. कुंपणाकडेच्या जुन्या लाल झुडपांत हा जीव नसतो. त्यामुळे ती उंच, विरळ फांद्यांची होतात आणि खुडल्याशिवाय दाट होत नाहीत.

झाड विषारी आहे म्हणतात. घरात लहान मुलं, मांजर आहे. ठेवावं का?

ठेवा, आवाक्याबाहेर ठेवा. १९१९ मध्ये हवाईत पान खाऊन एक मूल दगावल्याची गोष्ट पसरली आणि आजही तीच फिरते. तिला आधार सापडलेला नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२ हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही मृत्यू नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना काहीच त्रास झाला नव्हता. तरी चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, पान चावलं तर तोंडाची आग, मळमळ होऊ शकते. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी जास्त जपावं. डोळ्यात चीक गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पानांखाली पांढरं कापसासारखं दिसतंय.

पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने घासून काढा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. रंगलेल्या पानांवर तेल मारू नका, डाग पडतात. झाड हलवल्यावर भुरभुर उडते ती पांढरी माशी. तिला पिवळे चिकट सापळे आणि पानांच्या खालच्या बाजूने निंबोळी. पावसाळ्यात झाड ओल्या मातीतही मान टाकत असेल तर मूळकूज आहे. मग कुंडीतून काढून कुजलेली मुळं कापणं आणि कोरड्या नव्या मातीत लावणं एवढंच हाती राहतं.

मुसांडा म्हणजेच पॉइन्सेटिया का?

नाही. मुसांडा कॉफीच्या कुळातला, चीक नसलेला, आणि त्याचा रंग फुलाच्या मोठ्या झालेल्या निदलाचा (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलाचा) असतो. तो आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात रंगतो. सह्याद्रीत पावसाळ्यात नारिंगी फुलाशेजारी एकच पांढरं पान मिरवणारं भुतकेस त्याचं रानातलं भावंड.

आम्ही अमेरिकेत असतो. डिसेंबरात दुकानातून आणलेलं रोप पुढच्या वर्षी रंगवता येईल का?

येईल. दुकानातून गाडीपर्यंत नेतानासुद्धा गुंडाळून न्या, गोठणारा वारा दोन-चार मिनिटांत पानं मारतो. हिवाळाभर दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा, पण पानं थंड काचेला टेकू देऊ नका. हीटरच्या झोतापासून दूर. एप्रिलमध्ये छाटा, रात्रीचं तापमान तेरा अंशांवर स्थिरावलं की बाहेर काढा, सप्टेंबरात आत घ्या. तुमच्याकडे घरात संध्याकाळी दिवे लागतातच, त्यामुळे खोक्याचा उपाय तुम्हाला चुकणार नाही.

जमिनीत लावायचं असेल तर?

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पाणी साचत नाही, दिवसभर ऊन आहे आणि रात्री दिव्याचा उजेड नाही, अशी जागा निवडा. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा. पहिलं वर्ष जपलं की पुढे फारसं काही मागत नाही. वादळी पावसात याच्या फांद्या काडकन मोडतात, म्हणून खुडणी करून बुटकं ठेवणं इथेही बरं.

रंगलेल्या फांद्या फुलदाणीत टिकतात का?

चीक वाहत राहिला तर तासाभरात माना टाकतात. कापल्याबरोबर टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर काही सेकंद धरा, किंवा कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात घाला. मग आठवडाभर, थंडीत थोडं जास्तही, टिकतात. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका.